सूत्रकृमी सोडल्यावर गोगलगायी मेलेल्या दिसत नाहीत, फक्त जागा बदलतात. नेमकं काय होतंय?

ओलावाफा (प्रश्न)

२० चौरस मीटरचा पालेभाजीचा वाफा आहे. त्यात दोन प्रकारच्या गोगलगायी आहेत: राखाडी रंगाच्या, दोन-तीन सेंटिमीटर लांबीच्या बिनशंखी आणि चांगल्या मोठ्या शंखाच्या. गोगलगायी मारण्यासाठी मातीत सोडतात त्या फॅस्मारॅब्डायटिस हर्माफ्रोडिटा या सूत्रकृमीचं (म्हणजे धाग्यासारख्या सूक्ष्म कृमीचं) १ कोटी २० लाखांचं पाकीट आणून त्यातलं निम्मं वापरलं, म्हणजे हिशेबाने दर चौरस मीटरला ३ लाख. जमिनीचं तापमान १६ अंश, माती ओली, वेळ संध्याकाळची. आज १२ दिवस झाले.

आतापर्यंतची निरीक्षणं अशी. वाफ्याच्या अलीकडच्या टोकाला पानं खाणं जवळजवळ थांबलंय, पण मेलेल्या गोगलगायी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच सापडल्या. पलीकडच्या टोकाला बिनशंखींची संख्या कमी न होता उलट वाढलेली दिसते. शंखींना काहीच झालेलं नाही, त्या पूर्वीसारख्याच पानांवर आहेत.

गोगलगायींना मातीतले कृमी कळतात का, आणि त्या तिथून निघून जातात का? मेलेल्या कुठे जातात? आणि शंखींवर हे चालतच नाही, की मात्रा वाढवायला हवी?

---

मातीखालचं

आधी मेलेल्यांचं सांगतो, कारण त्या दिसल्या नाहीत म्हणून निराश होऊन लोक आठव्या दिवशी विषारी गोळ्या टाकतात आणि मग कशाने काय झालं ते कळायला मार्ग राहत नाही.

कृमीची मातीत हिंडणारी अवस्था जेमतेम १ मिलिमीटरची असते. ती या अवस्थेत खात नाही, फक्त यजमान शोधते. गोगलगायीचा चिकटा आणि विष्ठा यांच्या वासावर ती जाते. बिनशंखीच्या पाठीवर पुढच्या भागात ढालीसारखी मऊ घडी असते, तिला प्रावरण म्हणतात. या घडीच्या मागच्या भागाखाली एक बारीक छिद्र असतं, कृमी त्यातून आत शिरतो. आत एक पोकळी असते आणि तिथे पूर्वजांच्या शंखाचा उरलेला चपटा तुकडा असतो. कृमी तिथेच वाढतो आणि उभयलिंगी असल्यामुळे एकटाच पिल्लं घालतो. पुढची पिढी सगळ्या शरीरात पसरते आणि मेलेल्या देहावर जगते. अन्न संपलं की पुन्हा त्या शोधणाऱ्या अवस्थेतले कृमी मातीत उतरतात.

मरायला साधारण ४ ते २१ दिवस लागतात. तुमचा बारावा दिवस म्हणजे अजून मधलाच टप्पा आहे.

त्यात दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. एक म्हणजे, संसर्ग झालेली गोगलगाय मरण्याच्या कितीतरी आधी खाणं कमी करते. पहिल्या काही दिवसांतच पानांवरची भोकं घटतात ती यामुळे. पीक वाचतं ते खरं इथे, मृत्यू नंतर येतो. दुसरी म्हणजे, रोगट गोगलगायी जमिनीखाली जाऊन मरतात. वर शोधून सापडणार नाहीत. ढेकळं उलटून ५-६ सेंटिमीटर खोल बघा. प्रावरणाचा मागचा भाग फुगून कुबड आल्यासारखा दिसला, त्वचा ताणून पारदर्शक झाली असली, तर काम झालंय असं समजा. शेवटी शेवटी घडी फाटून आतला तो चपटा शंख बाहेर डोकावतो. मेलेला देह दोन-तीन दिवसांत विरघळल्यासारखा होतो, त्यामुळे उशिरा खणलं तर चिकट डागाशिवाय काही मिळत नाही.

म्हणून मोजायचं ते पानांवरचं नवं नुकसान. दहा रोपं ठरवून खुणेची काडी लावा, त्यांची जुनी खाल्लेली पानं तोडून टाका आणि दर तिसऱ्या दिवशी नवी भोकं मोजा.

---

शंखकोश

शंखींच्या प्रश्नाला उत्तर देतो. मात्रा वाढवून उपयोग नाही.

शंख म्हणजे नुसतं घर नाही, कृमींविरुद्ध लढायचं हत्यारही आहे, आणि हा या विषयातला सगळ्यात विलक्षण भाग आहे. कृमी शंखाच्या आतल्या बाजूला पोचला की शंखाच्या आतल्या पापुद्र्यावरच्या पेशी त्याच्याभोवती गोळा होतात, त्याला वेढतात आणि शंखाच्या भिंतीला कायमचं चिकटवून टाकतात. चुन्याचा थर चढला की तो कृमी तिथेच गाडला जातो. रिकामा शंख फोडून आतली बाजू भिंगाखाली धरली तर कृमीची वळणदार आकृती भिंतीत उमटलेली दिसते. संग्रहालयांत ठेवलेल्या जुन्या शंखांतही असे कृमी सापडलेत. २०१७ साली यावर सविस्तर संशोधन प्रसिद्ध झालं.

मोठ्या आफ्रिकी गोगलगायीची, म्हणजे लिसाकॅटिना फुलिकाची, हीच गोष्ट. या कृमींना ती दाद देत नाही, आत शिरलेले शंखात अडकवून मारते. बागेतली तपकिरी शंखी कॉर्नू अ‍ॅस्पर्सम लहान असताना बळी पडते, मोठी झाली की नाही.

बिनशंखींतही सगळ्या सारख्या नाहीत. तुमच्या वर्णनातली राखाडी, म्हणजे बहुधा डेरोसेरास रेटिक्युलाटम, कुठल्याही वयात बळी पडते. हे उत्पादन मुळात तिच्यावरच बेतलेलं आहे. अ‍ॅरिऑन व्हल्गॅरिस ही मोठी तांबूस बिनशंखी फक्त पिल्लावस्थेत बळी पडते, त्यामुळे तिच्यासाठी कृमी सोडायचे ते पिल्लं बाहेर पडण्याच्या सुमाराला. ठिपक्या-पट्ट्यांची लांबलचक लिमॅक्स मॅक्झिमस तर जवळपास अभेद्यच.

म्हणून पाकीट आणण्याआधी कोणती जात, कोणत्या वयाची, हे बघायला हवं. तुमच्या मोठ्या शंखींना रात्री टॉर्च घेऊन हाताने वेचणं आणि फेरिक फॉस्फेटच्या गोळ्या हाच मार्ग. वेचताना हातमोजे घाला. गोगलगायींत उंदरांच्या फुप्फुसातला अँजिओस्ट्राँगायलस नावाचा दुसराच सूत्रकृमी असू शकतो आणि तो माणसाला मेंदूच्या आवरणाचा आजार देतो. आपण सोडतो त्या कृमीशी त्याचा संबंध नाही, पण दोन्ही 'गोगलगायीतले सूत्रकृमी' असल्याने लोक गल्लत करतात. त्या दुसऱ्याला गोगलगाय जिवंत हवी असते, म्हणून बाहेरून ती धडधाकट दिसते. दिसण्यावर जाऊ नका.

---

वापसा

जागा बदलण्याबद्दल. हो, त्यांना कळतं. डेरोसेरास रेटिक्युलाटमला कृमी सोडलेली आणि न सोडलेली माती शेजारी शेजारी दिली तर ती कृमींची माती टाळते. हे १९९९ पासून नोंदवलेलं आहे, आणि २०१६ साली अनेक जातींवर तुलना झाली तेव्हा जातीनुसार वागणुकीत फरक दिसला.

यातून व्यवहाराचे दोन मुद्दे निघतात. फळी किंवा ओलं पोतं टाकून त्याखालच्या गोगलगायी मोजायची पद्धत इथे फसवते. कृमी सोडलेल्या जागी फळीखाली संख्या घटली याचा अर्थ त्या मेल्या असा होत नाही, कदाचित त्या तिथे बसायला तयार नसतील. उलट शेजारच्या कोरड्या, न भिजवलेल्या पट्टीत गर्दी झाली तर तुम्हाला वाटतं फसवणूक झाली. दुसरा मुद्दा असा की, टाळण्याच्या या सवयीचा पिकाला फायदाच आहे. रोपाच्या बुंध्याभोवतीची माती नकोशी झाली तर रोप वाचतं, गोगलगाय मेली नाही तरी. मात्र त्यासाठी तिला जायला कडेला आयतं आश्रयस्थान नको. बांधावरचं गवत, विटांचा ढीग, पालथ्या कुंड्या आधी हलवा आणि वाफ्याबाहेरही अर्धा मीटर पट्टी कृमींनी भिजवा. लोक नेमकी हीच पट्टी पाकीट पुरवण्यासाठी सोडून देतात.

पण तुमच्या बाबतीत मला आणखी एक शंका आहे. एका टोकाला उत्तम परिणाम आणि दुसऱ्या टोकाला काहीच नाही, हे नुसत्या टाळण्याने होत नाही. पाणी कसं दिलं? झारी किती लिटरची, किती फेऱ्या, आणि मध्ये ढवळलं का? आणि अर्धं पाकीट म्हणजे कोरडी भुकटी वाटून घेतली का?

---

ओलावाफा

भुकटी अंदाजाने निम्मी केली. १० लिटरच्या झारीत एकदाच कालवली आणि अलीकडून पलीकडे सलग ओतत गेलो. ढवळलं नाही. झारीचा बारीक छिद्रांचा शेंडा होता तसाच होता. राहिलेली भुकटी फ्रिजमध्ये पाकीट मुडपून ठेवली आहे.

---

वापसा

मग उत्तर बहुतेक तिथेच आहे.

कृमी पाण्यात पोहत तरंगत नाहीत, खाली बसतात. काही मिनिटं झारी स्थिर राहिली की तळाशी दाट थर होतो. आणि झारीची नळी तळालगतच फुटलेली असते. त्यामुळे पहिल्या काही चौरस मीटरवर दाट थर उतरतो आणि शेवटच्या टोकाला जवळजवळ साधं पाणी. अलीकडच्या टोकाला दुप्पट-तिप्पट मात्रा आणि पलीकडे नाममात्र, असं झालं असणार. त्यात बारीक शेंडा. त्याची छिद्रं भुकटीतल्या चिकणमातीने बुजतात आणि कृमी अडतात. पंपाने फवारायचं असेल तर अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक सगळ्या जाळ्या काढायच्या आणि दाब ५ बारच्या वर न्यायचा नाही, हा याच कारणाने केलेला नियम आहे.

आणि भुकटी कधीच कोरडी वाटायची नाही. कृमी तिच्यात सारखे पसरलेले नसतात. पूर्ण पाकीट एकदम पाण्यात, आणि वाटायचं ते पाणी. हिशेब असा करा:

पूर्ण पाकीट २ लिटर पाण्यात कालवा, गुठळ्या हाताने मोडा. आता दर मिलिलिटरला ६,००० कृमी आहेत, म्हणजे ५० मिलिलिटर एका चौरस मीटरला पुरतं. १० लिटरच्या झारीत यातलं २५० मिलिलिटर घाला, वर साधं पाणी. ही झारी ५ चौरस मीटरला. दर वेळी २५० काढण्याआधी मूळ बादली तळापासून ढवळा आणि ओततानाही झारी हिंदकळत ठेवा. तुमच्या २० चौरस मीटरला चार झाऱ्या झाल्या. उरलेलं मिश्रण ठेवून चालत नाही, काही तासांत बुडाशी प्राणवायू संपून कृमी मरतात. ते कडेच्या पट्टीला, खताच्या खड्ड्याभोवती देऊन टाका.

माती आधी भिजवलेली हवी, ओतल्यावर पानांवरचे कृमी धुऊन खाली जावेत म्हणून पुन्हा हलकं साधं पाणी, आणि पुढचे दोन आठवडे ओल टिकवायची. चिखल नको, वापसा हवा, म्हणजे माती ओलसर पण मोकळी. पाणी साचलं तर मातीतल्या पोकळ्या भरतात. घट्ट दाबलेल्या मातीतही कृमी फार सरकत नाहीत, पालापाचोळा आणि सालीच्या आच्छादनात त्यांची चाल मोकळी असते. म्हणून पायवाट झालेला भाग आधी खुरप्याने हलवून घ्या.

तापमान ५ अंशांच्या खाली गेलं तर कृमी सुस्त पडतात. २५ च्या वर गेलं तर टिकत नाहीत. ऊन्हात तापणाऱ्या वरच्या थरात हा आकडा दुपारी सहज ओलांडला जातो, हवेचं तापमान सोसवणारं असलं तरी. थर्मामीटर मातीत ५ सेंटिमीटर खुपसून दुपारी दोनला बघा, सकाळी नव्हे.

---

सहाशेभिंग

वरच्या निदानाशी सहमत आहे, पण ते तपासून घ्या, अंदाजावर पुन्हा पैसे घालू नका. टाळणं की कमी मात्रा, हे तीन डब्यांत वेगळं करता येतं.

झाकणाला सुईने भोकं पाडलेले तीन सपाट डबे. एकात अलीकडच्या टोकाची माती, दुसऱ्यात पलीकडची, तिसऱ्यात कृमी कधीच न पडलेल्या दूरच्या जागेची. माती वरच्या ५ सेंटिमीटरमधली, थर ३ सेंटिमीटरचा. दूरच्याच जागेतून एका आकाराच्या ३० राखाडी बिनशंखी गोळा करून प्रत्येक डब्यात १० सोडा. डबे सावलीत, १५ ते १८ अंशांत. प्रत्येकात कोबीच्या पानाच्या एकाच मापाच्या चकत्या ठेवा आणि दर दोन दिवसांनी बदला. जुन्या चकत्या चौकटीच्या कागदावर ठेवून किती चौकोन खाल्ले ते मोजा.

डब्यात पळून जायला जागा नाही, म्हणून टाळण्याचा भाग इथे निघून जातो. पलीकडच्या मातीतल्या गोगलगायी तिसऱ्या डब्यासारख्याच खात राहिल्या आणि पंधरा दिवसांत कुबड आलं नाही, तर तिथे कृमी पोचलेच नव्हते. अलीकडच्यांसारखं खाणं मंदावलं, तर कृमी होते आणि तुमच्या वाफ्यात खरोखरच स्थलांतर झालंय. तिसऱ्या डब्यातही मेल्या तर डबा कोंदट किंवा कोरडा पडला, चाचणी पुन्हा करा. हा तिसरा डबा टाळू नका, त्याच्याशिवाय बाकी दोघांना अर्थ नाही.

फ्रिजमधल्या उरलेल्या पाकिटाबद्दल: चिमूटभर भुकटी नको, सगळीच १ लिटर पाण्यात कालवा. भुकटी खरंच निम्मी असेल तर ६० लाख कृमी, म्हणजे पुन्हा मिलिलिटरला ६,००० यायला हवेत. नीट ढवळून त्यातलं १ मिलिलिटर ९९ मिलिलिटर पाण्यात टाका. आता दर मिलिलिटरला सुमारे ६० असायला हवेत. १ मिलिलिटर काळ्या बशीत घ्या, बाजूने उजेड टाका आणि १० पट भिंगाने बघा. जिवंत कृमी वळवळतात किंवा वळणात पडलेले असतात आणि सुईचं टोक लागलं की हलतात. मेलेले काडीसारखे सरळ, निश्चल. थंडीतून काढल्यावर लगेच बघू नका, खोलीत अर्धा तास जाऊ द्या, नाहीतर गारठलेले कृमी मेलेले वाटतात. तीन वेळा मोजून सरासरी काढा. ६० ऐवजी ३० हलणारे निघाले तर हे मिश्रण २० नाही, १० चौरस मीटरचं आहे, आणि तेवढ्यालाच वापरायचं: पलीकडच्या टोकाला. पण कालवलं की त्याच संध्याकाळी संपवायचं आहे, म्हणून डब्यांसाठीची माती आधी काढून ठेवा.

---

शंखकोश

टाळण्याच्या मुद्द्याला एक जोड. न बाधलेली गोगलगाय कृमी टाळते हे खरं, पण बाधलेली उलट वागते. डेरोसेरास इन्व्हाडेन्स या दुसऱ्या बिनशंखीवर २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या कामात संसर्ग झालेल्या गोगलगायी कृमींकडे ओढल्या गेल्या. त्यामागे सेरोटोनिन (मज्जातंतूंमधलं एक संदेशवाहक रसायन) असावं असं दिसतं: सेरोटोनिन वाढवणारं फ्लुओक्सेटिन दिलं तर निरोगी गोगलगायीही कृमींकडे गेल्या, आणि सेरोटोनिनचा परिणाम अडवणारं सायप्रोहेप्टाडिन दिलं तर बाधलेल्याही त्यांना टाळू लागल्या. म्हणजे कृमी आपल्या यजमानाची भीतीच काढून घेतो, असं म्हणायला जागा आहे.

शेतात याचा वापर कुणी औषध म्हणून करायला जाऊ नये. पण फळीखाली मोजणी करणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. कृमी असलेल्या जागी पहिल्या आठवड्यात बसलेल्या गोगलगायी दिसल्या तर त्या 'न घाबरलेल्या' नसून आधीच बाधलेल्या असू शकतात. उचलून प्रावरण बघा.

---

ओलावाफा

डब्यांची माती आज काढतो. आणखी दोन छोट्या शंका. हुमणीसाठी (मुळं खाणाऱ्या अळीसाठी) मिळणारे सूत्रकृमी शंखींसाठी चालतील का? आणि वाफ्याशेजारी पाण्याचं टाकं आहे, त्यात पाणगोगलगायी आहेत.

---

मातीखालचं

हुमणीवाले कृमी, म्हणजे हेटेरोरॅब्डायटिस आणि स्टाइनरनेमा, हे कीटकांचे आहेत. ते आपल्या पोटातले जिवाणू कीटकाच्या रक्तात सोडून दोन-तीन दिवसांत त्याला मारतात. गोगलगायींसाठी त्यांच्यावर विसंबता येत नाही. पाकिटावर नुसतं 'सूत्रकृमी' बघून घेऊ नका, जातीचं पूर्ण नाव वाचा.

गांडुळांना फॅस्मारॅब्डायटिसचा धोका नाही. पाणगोगलगायींचं मात्र सांभाळा. लिम्निया स्टॅग्नॅलिस ही मोठी तळ्यातली गोगलगाय प्रयोगात याने मेली, तर फायसा फाँटिनॅलिसला काही झालं नाही. झारी आणि बादली टाक्यात विसळू नका, टाक्याच्या कडेला एक मीटर कोरडा सोडा आणि उतार टाक्याकडे असेल तर ओतल्यानंतरचं साधं पाणी कमी द्या.

कृमींचा परिणाम साधारण सहा आठवडे धरा. अंडी या तडाख्यातून सुटतात, कारण शिरायला ते प्रावरणाचं छिद्रच तिथे नसतं. त्यामुळे खणताना पांढरट पारदर्शक मण्यांचे घोस दिसले तर ते वर काढून उन्हात टाका आणि पिल्लं दिसू लागली की दुसरी पाळी, या वेळी ढवळत.